समुद्र दाखविण्याचा व्यवसाय

खानदेशाला समुद्र नाहीं. सातपुडा आणि सातमाळा यांच्यामध्यें पसरलेल्या या काळ्या मातीच्या प्रदेशांत पाणी म्हटलें म्हणजे डोळ्यांपुढें येते ती तापी, नाहीं तर गिरणा, पांझरा किंवा वाघूर. तथापि समुद्राशीं आपला कांहींच संबंध नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं. तापी मुलताईस उगम पावते आणि खानदेश ओलांडून सुरतेजवळ सागराला मिळते. सतराव्या शतकांत सुरतेच्या बंदरावर उतरलेला माल आणि प्रवासी नवापूर-नंदुरबारच्या वाटेनें बऱ्हाणपुराकडे जात असत. समुद्रावरचा पैसा आमच्या पेठांतून खेळला. परंतु ज्यांच्या दारावरून तो माल गेला, त्यांतील बहुतेकांनीं समुद्र डोळ्यांनीं पाहिला नव्हता. आणि ऐकून ठाऊक असलेली, पण कधीं न पाहिलेली वस्तु दाखविणारा कोणी भेटला, तर मनुष्य त्याला आनंदानें पैसा मोजतो.

श्रोतेहो, मनुष्यस्वभावाच्या या एका धाग्यावर गेल्या सुमारें पावणेदोनशें वर्षांत एक मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. कांचेच्या टाकींतील माशांपासून त्याचा आरंभ झाला आणि शेंकडों एकरांवर पसरलेल्या सागर-उद्यानांपर्यंत तो येऊन पोंचला. असें एखादें उद्यान, निदान एक मोठें मत्स्यालय तरी आपल्या गांवीं असावें, अशी इच्छा जळगांव-धुळ्याच्या गृहस्थास झाली, तर तींत नवल नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत मुलांना कोठें न्यावें, हा प्रश्न घरोघर दरवर्षीं उभा राहतोच. परंतु अशा उद्यानाचा नकाशा पाहण्यापूर्वीं त्याचा इतिहास पाहावा. या धंद्यांत कोण तरला, कोण बुडाला आणि कां, हें त्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडण्यांत आलें. त्यापूर्वीं सामान्य शहरवासीयानें समुद्रांतील जीव पाहिले असतील, तर ते कोळ्याच्या टोपलींत, किंवा मद्यार्काच्या बाटलींत. जिवंत मासा, पाण्यांत, पोहतांना, समोरून पाहावयाचा, हा अनुभव नवा होता. टाकींतील वनस्पति आणि प्राणी यांचें प्रमाण नीट राखलें, तर वनस्पति प्राणवायु पुरवितात आणि पाणी बराच काळ निर्मळ राहतें, हें रसायनशास्त्रानें दाखवून दिलें होतें. इंग्लंडांत कांचेवरील कर १८४५ मध्यें उठल्यामुळें कांच स्वस्त झाली होती. आणि आगगाडीमुळें किनाऱ्यावरचें खारें पाणी शहरांत आणतां येऊं लागलें होतें. फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालीं या विषयावर पुस्तक लिहिलें आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखीं झाला.

या नव्या कुतूहलाचा उपयोग प्रत्येकानें आपापल्या प्रकृतीप्रमाणें केला. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध खेळवाला बार्नम यानें १८६१ सालीं आपल्या म्यूझियमच्या तळघरांत पांढरे देवमासे आणून ठेवले. ते थोड्याच दिवसांत मेले. त्यानें दुसरे आणविले. मेलेल्याच्या जागीं नवा आणावयाचा आणि पुन्हा जाहिरात करावयाची, एवढाच त्याचा हिशेब होता. लंडनमध्यें वेस्टमिन्स्टर येथें १८७६ सालीं ‘रॉयल अ‍ॅक्वेरियम’ नांवाची भव्य इमारत उभी राहिली. तेथें मत्स्यालय नांवापुरतेंच होतें. टाक्या बव्हंशीं रिकाम्या राहिल्या. गर्दी टिकावी म्हणून चालकांनीं गाणीं, नकला, कसरती आणल्या, आणि मत्स्यालयाचें रूपांतर करमणुकीच्या रंगमंदिरांत झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती इमारत पाडण्यांत आली.

याच काळांत इटलींत नेपल्सच्या किनाऱ्यावर अगदीं निराळा प्रयोग चालू होता. आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें आपल्या संशोधनशाळेच्या तळमजल्यावर १८७४ सालीं मत्स्यालय उघडलें. प्रवासी तिकीट काढून खालीं मासे पाहतील आणि त्या उत्पन्नावर वरच्या मजल्यावरील शास्त्रज्ञांचें काम चालेल, अशी ती योजना होती. परंतु तिकिटांच्या पैशावर सर्व खर्च भागणारा नव्हता. म्हणून डोर्ननें प्रयोगशाळेंतील कामाचीं मेजें निरनिराळ्या देशांच्या सरकारांना आणि विद्यापीठांना वार्षिक भाड्यानें देण्याची पद्धति काढली. ती संस्था आजहि कार्य करीत आहे. वेस्टमिन्स्टरची इमारत मोठी होती आणि लोकवस्तीच्या मध्यभागीं होती. नेपल्सची त्या मानानें लहान. पण एकीजवळ दाखविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, आणि दुसरीजवळ दरवर्षीं नवें कळत गेलें. भांडवलापेक्षां ही गोष्ट अधिक मोलाची ठरली.

विसाव्या शतकांत या व्यवसायाचें केंद्र अमेरिकेकडे सरकलें. फ्लॉरिडांत १९३८ सालीं ‘मरीन स्टुडिओज’ सुरू झालें. मूळ हेतु पाण्याखालील चित्रपट घेण्याचा होता. पण ती प्रचंड टाकी पाहण्यासाठींच लोक लोटले. पुढें डॉल्फिनांना शिकवून त्यांचे खेळ करण्याची रीत तेथें रुळली. त्यानंतर १९६४ सालीं कॅलिफोर्नियांत सान दिएगो येथें चार पदवीधर मित्रांनीं ‘सीवर्ल्ड’ उघडलें. त्यांचा पहिला बेत पाण्याखालील उपाहारगृहाचा होता. तो जमला नाहीं, म्हणून उद्यान झालें. पहिल्याच वर्षीं सुमारें चार लाख लोकांनीं तें पाहिलें. पुढच्या वर्षीं तेथें ‘शामू’ नांवाची ऑर्का आली. ऑर्का म्हणजे काळ्या-पांढऱ्या रंगाचा, डॉल्फिनांच्याच कुळांतील प्रचंड जलचर. ही पहिली शामू १९७१ सालीं मेली. पण तिचें नांव मेलें नाहीं. तें पुढच्या प्राण्यांना देण्यांत आलें. प्राणी मर्त्य, नांव मात्र कंपनीच्या मालकीचें, अशी ही व्यवस्था होती.

येथें या धंद्याचा ताळेबंद थोडा उघडून पाहिला पाहिजे. नाटकगृहाला कुलूप लावलें कीं त्याचा बहुतेक खर्च थांबतो. मत्स्यालयाचें तसें नाहीं. प्रेक्षक येवोत वा न येवोत, पंप रात्रंदिवस चालले पाहिजेत, पाणी गाळलें गेलें पाहिजे, त्याचें तापमान व खारटपणा राखला पाहिजे, प्राण्यांना वेळेवर खाद्य मिळालें पाहिजे आणि वैद्य हाताशीं असला पाहिजे. खर्च बारमाही आणि उत्पन्न सुटीच्या दिवसांचें, असा हा संसार आहे. त्यामुळें दारावरच्या तिकिटावर त्याचें भागत नाहीं. आंत खाणावळ हवी, खेळण्यांचें दुकान हवें, माशाशेजारीं उभें राहून छायाचित्र काढण्याची सोय हवी, वर्षभराचा पास हवा. इतकें करूनहि पहिल्या वर्षाची नवलाई तिसऱ्या वर्षीं उरत नाहीं. म्हणून दर दोन-चार वर्षांनीं नवें आकर्षण आणावें लागतें. त्यासाठीं कर्ज काढावें लागतें. आणि तें फेडण्यासाठीं आणखी गर्दी लागते. या चक्रांत सांपडलेला चालक हळूहळू प्राण्यापेक्षां खेळाकडे, आणि खेळापेक्षां यांत्रिक पाळण्यांकडे वळतो.

समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपणांस सीवर्ल्डच्या दोन उद्यानांची कथा विशेष विचार करण्यासारखी आहे. कंपनीनें १९७० सालीं ओहायो संस्थानांत आणि १९८८ सालीं टेक्सासमधील सान अँटोनियो येथें, म्हणजे दोन्हीं वेळां समुद्रापासून दूर अंतर्भागांत, उद्यानें काढलीं. खारें पाणी कृत्रिम रीतीनें करतां येतें. तेव्हां शास्त्राच्या दृष्टीनें अडचण नव्हती. उबदार हवेंतील सान अँटोनियोचें उद्यान टिकलें. ओहायोंत मात्र हिवाळा कडक. वर्षांतील कित्येक महिने दारें बंद ठेवावीं लागत. तें उद्यान २००१ सालीं शेजारच्या करमणूक-उद्यानाच्या मालकांना विकण्यांत आलें, आणि पुढें तेथील जलचरहि गेले. हवामान, प्रवासाचें अंतर आणि आसपासच्या कुटुंबांची ऐपत यांचा हिशेब माशाला कळत नाहीं. तो माणसानेंच करावा लागतो.

दुसरा धक्का याहून मोठा होता. ओर्लँडो येथील उद्यानांत २०१० सालीं एका अनुभवी प्रशिक्षक स्त्रीचा ऑर्काच्या हल्ल्यांत मृत्यु झाला. या घटनेच्या अनुरोधानें बंदिवान ऑर्कांच्या जीवनावर काढलेला ‘ब्लॅकफिश’ हा बोलपट २०१३ सालीं प्रसिद्ध झाला आणि लोकमत फिरलें. जो प्राणी त्या कंपनीचें भूषण होता, तोच तिच्यावरील आरोप झाला. अखेर २०१६ सालीं कंपनीनें ऑर्कांचें प्रजनन बंद केल्याचें जाहीर केलें. आहेत ते ऑर्का शेवटचे. अबूधाबीस २०२३ सालीं त्याच नांवाचें नवें उद्यान उघडलें, त्यांत ऑर्का मुळींच नाहीं. ज्या आकर्षणावर पन्नास वर्षें पैसा मिळाला, त्यावांचून पुढचा बेत आखावा लागला, हा या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. सार्वजनिक सागरी मत्स्यालयाचा आरंभ आपल्याकडे १९०९ सालीं मद्रासच्या समुद्रतीरावर झाला. महाराष्ट्राचें आवडतें मत्स्यालय म्हणजे मुंबईचें तारापोरवाला. मरीन ड्राइव्हवर सरकारनें बांधलेल्या या इमारतीस सुमारें आठ लक्ष रुपये लागले. त्यांतील दोन लक्ष तारापोरवाला या पारशी दात्यानें दिले, आणि १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उद्घाटन झालें. खानदेशांतून आगगाडीनें मुंबईस गेलेल्या किती तरी कुटुंबांनीं आपल्या मुलांना समुद्रांतील मासा प्रथम तेथेंच दाखविला असेल. जुन्या टाक्या आणि मंद दिवे लोकांना पुरेनासे झाले, तेव्हां २०१५ सालीं इमारत नवी करून तिच्यांत पारदर्शक बोगदा बसविण्यांत आला. बोगदा १२ फूट लांबीचा. डोक्यावरून आणि दोन्हीं बाजूंनीं मासे जाणारा. गर्दी पुन्हां झाली. परंतु २०२० सालीं महासाथीच्या काळांत दारें मिटलीं, आणि त्यानंतर इमारतीच्या जीर्णतेचा व पुनर्बांधणीचा प्रश्न उभा राहिला. सरकारी उदारतेनें इमारत उभी राहते. तिचा रोजचा सांभाळ हा वेगळाच विषय आहे.

मुंबईच्याच राणीच्या बागेचें उदाहरण याच्या उलट दिशेचें आहे. तेथें २०१६ सालीं दक्षिण कोरियांतील सेऊलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले. त्यांतील एक थोड्याच महिन्यांत मेला आणि महानगरपालिकेवर टीकेचा भडिमार झाला. पुढें २०१७ सालीं पेंग्विनांचें दालन लोकांस खुलें झालें, आणि त्याच वर्षीं मोठ्या माणसाचें प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेलें. तरी लोक आले, आणि बागेचें उत्पन्न वाढलें. एका नव्या प्राण्यानें जुन्या बागेचें दैव पालटलें, असें म्हणतां येईल. पण थंड हवेंत राहणाऱ्या पक्ष्यासाठीं मुंबईच्या उकाड्यांत अखंड शीतगृह चालवावें लागतें, हा खर्चहि त्याच वहींत मांडला पाहिजे.

खरें सागर-उद्यान महाराष्ट्रांत व्हावें, असा मोठा बेत झाला तो सिंधुदुर्ग जिल्ह्यांत. मालवण तालुक्यांतील तोंडवळी-वायंगणी परिसरांत ‘सी वर्ल्ड’ नांवाचा प्रकल्प सरकारनें योजिला. आरंभीं १,३०० एकरांहून अधिक जमिनीची भाषा होती. पुढें ती ३५० एकरांपर्यंत खालीं आणण्यांत आली. त्या जमिनीवर घरें होतीं, शेती होती, आंबा-काजूच्या बागा होत्या, देवस्थानें होतीं. गांवकऱ्यांनीं कडवा विरोध केला. समर्थकांचें म्हणणें असें कीं, कोंकणांतील तरुणाला मुंबईची वाट धरावी लागूं नये. तें म्हणणें खोटें नव्हतें. पण ज्यानें समुद्राशेजारीं पिढ्यान्‌पिढ्या संसार केला, त्यालाच उठवून तेथें कृत्रिम समुद्र बांधावयाचा, या कल्पनेंतील विसंगति गांवकऱ्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. प्रकल्प कागदावरच राहिला.

याच सुमारास दुसरी एक वाट कायमची बंद झाली. चेन्नईजवळच्या एका उद्यानांत १९९८ सालीं परदेशांतून आणलेले डॉल्फिन सहा महिन्यांच्या आंत मरण पावले होते. तरीहि देशांत ठिकठिकाणीं डॉल्फिनांचे खेळ सुरू करण्याचे बेत चाललेच होते. शेवटीं केंद्र सरकारनें २०१३ सालीं राज्यांना कळविलें कीं, करमणुकीसाठीं डॉल्फिन बंदिस्त ठेवण्यास परवानगी देऊं नये. हे प्राणी अतिशय बुद्धिमान व संवेदनशील आहेत. ज्या जिल्ह्यांत सागर-उद्यान होणार होतें, त्याच जिल्ह्यांत तारकर्ली-मालवणच्या समोर डॉल्फिन मोकळेपणीं पोहतात, आणि कोळ्यांच्या होड्यांतून प्रवासी ते पाहून येतात. टाकी बांधण्याची आवश्यकताच नव्हती.

पुढचा बेत या जाणिवेंतून निघालेला दिसतो. तारकर्लीस पर्यटन महामंडळानें स्कूबा डायव्हिंगचें प्रशिक्षण केंद्र काढलें. पोलंडमध्यें बांधलेली आणि १९८५ सालीं नौदलांत दाखल झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका २०२४ सालीं निवृत्त झाली. ती निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळीं ठेवून तिचें पाण्याखालील संग्रहालय करावें, अशी योजना झाली, आणि केंद्रानें तिच्यासाठीं सुमारें ४७ कोटि रुपये मंजूर केले. नौकेच्या पोलादी अंगावर शेवाळ व प्रवाळ वाढेल, फटींत मासे आश्रय घेतील आणि कृत्रिम खडक तयार होईल, अशी अपेक्षा आहे. येथें माशाला आणावें लागत नाहीं, खाऊं घालावें लागत नाहीं. पाहणाराच त्याच्या घरीं जातो. अर्थात् येथेंहि सावधपणा हवाच. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें, तेव्हां मासेमारीवर बंधनें येतील या भयानें कोळ्यांनीं त्यालाहि विरोध केला होता. समुद्र दाखविण्याच्या कोणत्याहि बेतांत ज्याचें पोट समुद्रावर आहे, त्याला प्रथम विचारलें पाहिजे, हा धडा दोन्हीं प्रसंगीं एकच आहे.

आतां पुन्हा खानदेशाकडे येऊं. अलीकडे शहरोशहरीं भरणाऱ्या जत्रा-प्रदर्शनांतून कांचेचे बोगदे आणि रंगीत मासे दाखविण्यांत येतात. लोक हौसेनें जातात. ही हौस निंद्य नाहीं. परंतु तिच्यावर विसंबून कायमचें सागर-उद्यान जळगांवांत वा धुळ्यांत बांधावयाचें झालें, तर तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं मिळालीं पाहिजेत. उन्हाळ्यांत जेथें पिण्याच्या पाण्याचे टँकर धांवतात, तेथें टाक्यांचें पाणी कोठून येणार? पारा ४५ अंशांकडे झुकला असतां तें थंड ठेवण्याच्या विजेचें बिल कोण भरणार? आणि पांचव्या वर्षीं, नवलाई संपल्यावर, पुन्हा तिकीट काढून कोण येणार? ओहायोला हिवाळ्यानें गांठलें. आपणांस उन्हाळा गांठील.

याचा अर्थ आपण कांहीं करूंच नये असा नव्हे. बाहेरच्या माणसाला येथें आणण्याची शक्ति या जिल्ह्यांत आहे. जळगांवास २०१२ सालीं उघडलेलें ‘गांधीतीर्थ’ पाहावयास दूरदूरचे लोक येतात. आणि १९३६ च्या फैजपूर काँग्रेसचा इतिहास याच भूमीचा असल्यामुळें तें संग्रहालय येथें परकें वाटत नाहीं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळानें जुने कागद जपले, ते या प्रदेशाचें ज्ञान म्हणून. पाण्याच्या बाबतींत आपलें स्वतःचें जें आहे, तें म्हणजे तापी. पूर्णेचा संगम चांगदेवास, त्याखालीं हतनूरचें जलाशय, तेथें हिवाळ्यांत उतरणारे पक्षी, आणि मरळ, वाम, शिंगाडा असे आपल्या नद्यांतले मासे. यांचें एक साधें, गोड्या पाण्याचें मत्स्यालय एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र-विभागाशेजारीं उभारलें, तर त्याला मीठ लागणार नाहीं, परदेशी पाहुणे लागणार नाहींत, आणि डोर्नप्रमाणें तिकीट व विद्या यांची सांगड घालतां येईल.

त्या मत्स्यालयांत समुद्रहि दाखवितां येईल. पाला नांवाचा मासा समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं नदींत चढतो. तापीच्या मुखांतून तो असाच वर येत असे; पुढें नदीवर धरणें झाल्यावर त्याची वाट अडली. एका भिंतीवर तापीचा नकाशा काढावा, मुलताईपासून सुरतेपर्यंत. त्यावर धरणें दाखवावींत, आणि हा मासा पूर्वीं कसा चढत असे व आतां कां चढत नाहीं, तें मुलांना सांगावें. समुद्र आपल्यापासून किती दूर आहे, त्याच्याशीं आपली नदी कशी बांधलेली आहे, आणि धरणापासून आपल्याला काय मिळालें व त्याचें मोल कोणीं दिलें, हें सर्व त्या एका माशाच्या कथेंत येतें. पुढच्या वर्षीं त्याच भिंतीपाशीं नव्या पावसाळ्याची, नव्या पाण्याची आणि नव्या पक्ष्यांची नोंद लावतां येईल. त्यासाठीं सेऊलहून कांहीं आणावें लागणार नाहीं. ज्या मुलानें ती नोंद स्वतः लिहिली असेल, तें आपल्या आई-वडिलांना घेऊन पुन्हा तेथें येईल, आणि मत्स्यालयाच्या चालकाला पांचव्या वर्षाची काळजी करावी लागणार नाहीं.